केळ्याचे भय, बीचे काय?

गेल्या महिन्यात यावल तालुक्यातल्या एका खेड्यातून एक आई आपल्या आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. सोबत सासूबाई होत्या आणि मुलीचा तीन वर्षांचा भाऊ. तक्रार नेहमीचीच, 'बाळ अंग धरत नाही.' मुलगी चुणचुणीत, हसरी, पण दंडाला मांस नाही. वजन केले तर सहा किलो दोनशे ग्रॅम भरले. या वयाच्या मुलीचे वजन आठ किलोच्या आसपास असावे. "वरचं खायला काय देता?" असे विचारल्यावर आईने पिशवीतून दुधाची बाटली काढून दाखवली. बाटलीत पिवळसर पाणी होते. सफरचंद उकडून, गाळून, साखर घालून केलेला रस. दिवसातून तीन वेळा हाच.

"घरी केळी नाहीत का?" मी विचारले.

"केळी? पाच हजार खोड आहे आमचं," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "पण एवढ्याशा लेकराला केळं कसं द्यायचं, डॉक्टरसाहेब? थंड पडतं. छाती भरून यायची तिची."

आता गंमत बघा. आपल्या जळगावच्या केळ्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर-सावद्याची केळी दिल्लीपर्यंत जातात आणि तिथली मुले ती खाऊन वाढतात. ज्यांच्या शेतात घड लोंबत आहेत त्यांची नात मात्र काश्मीरहून आलेल्या सफरचंदाचे पाणी पिऊन सहा किलोवर अडकून बसते.

हे बोलणे चालू असताना मुलीचा भाऊ दवाखान्यातल्या बाकावर उड्या मारत होता आणि त्याच्या गालात एक अख्खे बोर होते. आजीचे तिकडे लक्ष होते. तिनेच पिशवीतून आणखी दोन काढून त्याच्या हातावर ठेवली. आजीला केळ्याची भीती वाटत होती, बोराची नाही. तीस वर्षांच्या व्यवसायात मला हेच सतत दिसत आले आहे. लहान मुलांच्या फळांच्या बाबतीत आपण भितो ते भलत्याच गोष्टीला, आणि जिथे खरोखर भ्यायला हवे तिथे अगदी निर्धास्त असतो.

केळ्याने सर्दी होते ही समजूत निराधार आहे. सर्दी होते ती विषाणूंमुळे, म्हणजे घरातल्या शिंकणाऱ्या माणसामुळे. मग आपल्या आज्या-पणज्यांना असे का वाटले असेल? त्याचे एक कारण मला पटते. आईकडून पोटातच मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्ये बाळाच्या रक्तात पहिले काही महिने पुरतात आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास ती बरीच ओसरलेली असतात. त्याच सुमारास बाळ रांगू लागते, दहा जणांच्या कडेवर जाते, हाताला येईल ते तोंडात घालते. साहजिकच सर्दी-खोकला सुरू होतो. या वयापुढे वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे हे अगदी सर्वसाधारण आहे. आणि नेमके याच वेळी वरचे खाणेही सुरू झालेले असते. दोन गोष्टी एकदमच घडल्या की एकीचा दोष दुसरीवर जातो. गुन्हेगार पळून जातो आणि शेजारी उभे असलेले केळे पकडले जाते!

मी हे सांगतो तेव्हा आज्या मान डोलावतात आणि घरी जाऊन त्यांना हवे तेच करतात, हेही मला ठाऊक आहे. माझ्या स्वतःच्या आईने माझ्या मुलाला पहिल्या हिवाळ्यात केळ्याला हात लावू दिला नव्हता. एम.बी.बी.एस. झालेल्या मुलाचे दवाखान्यात चालते, स्वयंपाकघरात चालत नाही. असो.

बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. सहा महिने पुरे झाले की मात्र थांबायचे नाही. जन्मताना मिळालेला लोहाचा साठा या सुमारास संपत आलेला असतो आणि नुसत्या दुधातून मिळणारी शक्ती वाढत्या अंगाला पुरत नाही. तरीही आपल्याकडे उष्टावणासाठी मुलाला सम महिना, मुलीला विषम महिना पाहतात. मग मामाला सवड नसते, मग मुहूर्त नसतो, असे करत करत नववा महिना उजाडतो. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले, की देशातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांना आईच्या दुधाबरोबर वरचे घट्ट अन्न मिळते. त्याच पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांमध्ये सदुसष्ट मुलांच्या अंगात रक्त कमी होते. उष्टावणाचा समारंभ सवडीने करा, चांदीची वाटी-चमचा आणा, माझी काहीच हरकत नाही. बाळाचा पहिला घास मात्र साध्या स्टीलच्या चमच्याने सहा महिने भरताच जाऊ द्या.

या पहिल्या घासांसाठी पिकलेल्या केळ्याइतके सोयीचे फळ नाही. शंभर ग्रॅम केळ्यात साधारण शंभर कॅलरी असतात, सफरचंदात त्याच्या जवळपास निम्म्या. बाळाचे पोट लहान, त्यात जे जाईल ते भरीव असावे. शिजवायला नको, गाळायला नको. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याची साल. आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, साठवलेल्या पाण्यावर घर चालते. अशा ठिकाणी आतून स्वच्छ असलेले आणि घरच्याच हातांनी सोलून लगेच भरवता येणारे फळ म्हणजे मोठीच सोय. एका चांगल्या सफरचंदाच्या पैशात जवळजवळ अर्धा डझन केळी येतात, हा हिशोब तर कोणालाही कळतो.

केळे घ्यायचे ते पूर्ण पिकलेले, सालीवर तपकिरी ठिपके पडू लागलेले. हिरवट केळ्यात पिष्ट जास्त असते, ते बाळाला जड जाते आणि शौचाला घट्ट होते. फणी चार दिवस घरात टांगून ठेवली की आपोआप पिकते. वखारीत केळी पिकवायला इथिलीन वायू वापरतात. तो फळातून स्वतःहूनही निघतो आणि त्याला ठरलेल्या मर्यादेत परवानगी आहे. कार्बाइडची पूड टाकून फळ पिकवायला मात्र कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. आंब्याच्या हंगामात हे विशेष लक्षात ठेवावे. आंबे घरी आणल्यावर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावेत आणि मगच कापावेत.

आता कृती. आधी आपले हात साबणाने धुवायचे, बाळाचेही. केळे सोलून वाटीत घ्यायचे आणि चमच्याच्या पाठीने चांगले कुस्करायचे. फारच चिकट वाटले तर चमचाभर आईचे दूध किंवा उकळून गार केलेले पाणी. साखर नको, मीठ नको. वर्षाच्या आत मध तर अजिबात नको. मधात एका जंतूचे सूक्ष्म बीज असू शकते. मोठ्यांना त्याने काही होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजते आणि त्याच्या विषाने बाळ लुळे पडते. हा आजार क्वचित होतो, पण झाला तर फार वाईट. म्हणून गुटीबरोबर चाटवायचे मधाचे बोटही नको. आणि आपले शिकरण, ते वर्षानंतर.

पहिल्या दिवशी एक-दोन चमचे पुरे. बाळ जिभेने बाहेर ढकलते, तोंड वेडेवाकडे करते, त्याचा अर्थ 'आवडले नाही' असा नसतो. नवीन चव आहे, नवीन काम आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या. दहा-दहा वेळा दिल्यावर बाळ एखादी चव स्वीकारते. कुस्करलेले केळे थोड्या वेळाने काळपट पडते, त्यात वाईट काही नाही, हवा लागल्यामुळे तसे होते. पण उरलेले संध्याकाळसाठी झाकून ठेवायचे नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, चमचा तोंडात जाऊन आलेले फळ तासाभरातच जंतूंचे घर होते. उरले तर आईने खावे.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो, म्हणजे दवाखान्याची एक फेरी वाचेल. केळे सुरू केल्यावर बाळाच्या शौचात काळे, दोऱ्यासारखे तंतू दिसतात. दर महिन्याला एखादी तरी आई ते कागदात गुंडाळून घेऊन येते आणि 'जंत पडले' म्हणून जंताचे औषध मागते. ते जंत नसतात, केळ्याचेच धागे असतात. पपईचे लालसर तुकडेही तसेच पडतात. त्याने घाबरू नये.

केळ्यापाठोपाठ पपई. तीही 'गरम पडते' म्हणून बदनाम आहे. पिकलेली पपई उभी चिरून, बिया पुसून काढून, चमच्याने गर खरवडून द्यावा. डोळ्यांना आणि त्वचेला लागणारे अ जीवनसत्त्व तिच्यातून चांगले मिळते. केळ्याने शौचाला घट्ट होते असे वाटले तर एक दिवस केळे, एक दिवस पपई. चिकूची साल काढावी, गर बोटांनी चाचपून पाहावा आणि बी काढावी. चिकूची बी चकचकीत, निसरडी असते आणि तिच्या टोकाला बारीक आकडा असतो, तो घशात रुतू शकतो. चिकूत एकच बी असेल असे समजू नका, मोजून काढा. कच्चट चिकू जिभेला ओढतो, तो देऊ नये. आंबा पिकलेला असावा, रस हाताने काढून, चाळणीतून घालून धागे काढावे आणि तो चमच्याने द्यावा. फार पातळ करू नये. आंबा सुरू झाल्यावर तोंडाभोवती थोडे लाल आले तर तो सालीजवळच्या चिकाचाही परिणाम असतो. आंबा धुऊन घ्यावा, देठाकडचा चीक काढावा आणि खाऊन झाल्यावर बाळाचे तोंड पुसावे. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांकडे आणावे. म्हणूनच नवीन फळ एका वेळी एकच सुरू करावे आणि दोन-तीन दिवस पाहावे.

सफरचंदाशी माझे वैर नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना तेच न्यायची आपल्याकडे रीत आहे, त्यामुळे त्याला औषधाची प्रतिष्ठा आली, एवढेच. ते द्यायचे तर साल आणि गाभा काढून, फोडी करून, कुकरमध्ये वरणाच्या डब्याशेजारी वाटीत ठेवून मऊ उकडावे आणि कुस्करावे. गाळून पाणी द्यायचे आणि चोथा टाकून द्यायचा, हे उलटे शास्त्र आहे. कच्च्या सफरचंदाची फोड मात्र बाळाच्या हातात देऊ नये. पुढचे दोन दात तिचा टवका तोडू शकतात, पण चावायला दाढा कुठे आहेत? पहिल्या दाढा वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास येतात, दुसऱ्या दोन वर्षांनंतर. तोवर टवका जसाच्या तसा मागे जातो. नासपतीचेही तसेच. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर, संत्र्याहून कितीतरी जास्त, आणि ते नाचणी-डाळीतले लोह अंगी लागायला मदत करते. पण त्याच्या बिया कडक. पेरू उकडून, चाळणीवर घासून, फक्त गर द्यावा. संत्र्या-मोसंबीच्या फोडीवरचे पांढरे आवरण सोलावे, बी काढावी आणि आतला गर मोडून द्यावा. कलिंगड गाडीवर कापून ठेवलेले नको.

रसाबद्दल पालकांशी माझे नेहमी भांडण होते. रसात फळातली साखर येते, चोथा मागे राहतो. बाळाचे छोटे पोट गोड पाण्याने भरते आणि मग ते खिचडीला तोंड लावत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये स्पष्टच सांगितले, की वर्षाच्या आतल्या बाळाला फळांचा रस देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातही फळे रोज द्या आणि रस मर्यादित ठेवा असेच आहे. त्यात तो बाटलीतून दिला तर काही विचारू नका. बाटलीच्या बुचात, त्या वळशांमध्ये जंतू साठतात. दवाखान्यात येणाऱ्या जुलाबाच्या बाळांच्या आयांना मी पहिला प्रश्न बाटलीचाच विचारतो. वाटी आणि चमचा पाच मिनिटांत उकळून निघतात. डब्यातल्या तयार फळांच्या भुकटीबद्दल एवढेच सांगतो, की दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठीच्या अशा पदार्थांची जाहिरात करायलाच 1992 च्या आणि 2003 साली सुधारलेल्या कायद्याने बंदी आहे.

फळ हे जेवण नव्हे, हेही सांगायला हवे. नाहीतर हा लेख वाचून कोणी दिवसभर केळीच भरवायचे. मऊ वरण-भात तूप घालून, मुगाची खिचडी, नाचणीची पेज, चालत असेल तर अंडे, यांनी पोट भरायचे आणि त्यांच्या जोडीला फळ. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, हळूहळू प्रत्येक वेळी अर्धी वाटीपर्यंत. त्यानंतर तीन-चार वेळा. सोबत आईचे दूध दोन वर्षे आणि पुढेही.

मिक्सरबद्दल एक. आठव्या महिन्यानंतर मिक्सर बंद करावा. दीड वर्षाचे होईपर्यंत सगळे गुळगुळीत वाटून भरवले की मूल चावायचे विसरते, किंबहुना शिकतच नाही, आणि मग भाताचे शीत लागले तरी उलटी काढते. आठ-नऊ महिन्यांना केळे ओबडधोबड कुस्करावे. पुढे बोटाएवढा मऊ तुकडा त्याच्या हातात द्यावा, त्याला खाऊ द्यावे, माखू द्यावे. हल्ली मोबाइलवर पाहून काही शिकलेल्या आया सहाव्या महिन्यापासूनच फळांच्या फोडी बाळासमोर ठेवतात. बाळ नीट ताठ बसत असेल, फोड दोन बोटांत सहज चिरडली जाईल इतकी मऊ असेल आणि आई समोर बसलेली असेल, तर माझा विरोध नाही. मोबाइलवर दिसणारी कच्च्या सफरचंदाची फोड मात्र मला मान्य नाही.

'दोन बोटांत चिरडून पाहा' ही कसोटी सगळ्या फळांना लावावी. जे चिरडत नाही, ते दाढा नसलेल्या मुलासाठी नाही. इथूनच मी माझ्या मूळ भीतीकडे येतो.

2003 सालची गोष्ट. सीताफळांचे दिवस होते. चौदा महिन्यांचा एक मुलगा खोकला आणि घरघर घेऊन माझ्याकडे आला. छातीत शिट्टी वाजत होती. मी बालदम्याचे औषध दिले, अँटिबायोटिक दिले. आठ दिवसांनी तो परत आला, पुन्हा औषध बदलले. तिसऱ्या आठवड्यात आई रडवेली होऊन आली तेव्हा मी छाती सावकाश तपासली. उजव्या बाजूला हवा कमी शिरत होती. पहिल्याच दिवशी दोन्ही बाजू नीट ताडून पाहिल्या असत्या तर तेव्हाच लक्षात आले असते. चूक माझी होती. मग विचारले, "खोकला सुरू झाला त्या दिवशी काही खाताना ठसका लागला होता का?" आईला आठवेना. दारात उभी असलेली आजी म्हणाली, "लागला होता की. बहिणी सीताफळ खात होत्या, याने त्यांच्या पुढ्यातलं तोंडात घातलं. काळानिळा झाला होता, मग पाठीवर थोपटलं, बरा झाला."

तो बरा झाला नव्हता. बी श्वासनलिकेतून उजव्या फुप्फुसाच्या फांदीत उतरली होती. एक्स-रेत बी दिसली नाही, पण उजवे फुप्फुस फुगलेले दिसले. मोठ्या शहरात पाठवले, भूल देऊन दुर्बिणीने बी काढली. घरच्यांनी एक म्हैस विकली, असे नंतर कळले. मुलगा वाचला, आता तरुण आहे. तेव्हापासून लहान मुलाचा एकाएकी सुरू झालेला खोकला पाहिला की 'ठसका लागला होता का?' हे मी आधी विचारतो. वाचकहो, डॉक्टरने नाही विचारले तर तुम्ही होऊन सांगा.

लहान मुलाची श्वासनलिका साधारण त्याच्याच करंगळीएवढी जाड असते. सीताफळाची बी, चिंचोका, शेंगदाणा, फुटाणा हे खाली उतरतात. अख्खे द्राक्ष त्याहून धोक्याचे. ते गोल, गुळगुळीत आणि लवचिक असल्यामुळे बुचासारखे वरच बसते आणि चार-पाच मिनिटांत खेळ संपतो. द्राक्ष चार-पाच वर्षांपर्यंत उभे चिरून, चार फाका करूनच द्यावे. आडवे कापले तर चकती तितकीच गोल राहते. सीताफळाचा गर चाळणीवर चमच्याने घासावा, म्हणजे बिया वर राहतात. बेदाणे, खजूर भिजवून कुस्करावे. डाळिंबाचे दाणे ठेचून द्यावे. शेंगदाणा कुटून, लाडवातून किंवा चटणीतून, अख्खा नाही. आणि भरवताना मूल बसलेले हवे. झोपलेल्या, रडणाऱ्या, पळणाऱ्या मुलाच्या मागे वाटी घेऊन धावायचे नाही. चिऊ-काऊचे घास भरवताना हसवायचे तेही तोंड रिकामे असताना.

तरीही अडकलेच तर? मूल जोराने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. पाणी पाजू नये, तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, पाय धरून उलटे टांगू नये. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर एकाने 108 ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच पुढचे करावे. वर्षाच्या आतले बाळ असेल तर त्याला आपल्या हातावर पालथे घ्यावे, जबड्याला आधार द्यावा, डोके धडाच्या खाली ठेवावे आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच जोराच्या थापा माराव्यात. नाही निघाले तर उताणे करून छातीच्या मध्यभागी, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, त्याच भागाने पाच वेळा दाबावे. वस्तू बाहेर येईपर्यंत आळीपाळीने हेच. वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा, मग पाठीमागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आत आणि वरच्या दिशेने पाच झटके. मूल निपचित पडले तर छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे सुरू करावे लागते. ते वाचून येत नाही, कोणाकडून तरी हाताने शिकून घ्यावे.

त्या दिवशी भावाच्या तोंडातले बोर मी बाहेर काढायला लावले, तेव्हा आजी जरा रागावली होती. परवा त्या पुन्हा आल्या. मुलीचे वजन साडेसहा किलोच्या वर गेले आहे. बाटली सुटली आहे, खिचडी सुरू आहे आणि दुपारी एक केळे. "सर्दी झाली का?" मी मुद्दाम विचारले. "झाली ना," आजी म्हणाली, "पण तिच्या आधी हिच्या बापाला झाली होती."

जाताना सुनेने विचारले, की संक्रांतीला मुलीचे पहिले बोरन्हाण करायचे आहे, करू का? अवश्य करा. काळे झबले घाला, हलव्याचे दागिने घाला, पण ते दोरा ओढून पाहून घाला आणि फोटो झाला की उतरवा. डोक्यावरून ओतायच्या मापात बोरे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे आणि अलीकडे निघालेल्या गोळ्या-चॉकलेटे नकोत. फुलांच्या पाकळ्या घ्या, थोडे चुरमुरे घ्या. ओतून झाले की बाळाला लगेच उचला आणि चटई झाडून घ्या. बोरे आणि करवे शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हातात वेगळे द्या, आणि त्यांना बसून खायला सांगा.